हाक गिळणाऱ्या भिंती

भोंग्याचा आवाज नेमका कधी गेला, ते घरात कुणालाच सांगता येईना.

भोंगा ही एक मुलगी होती. शाळेच्या दाखल्यावर तिचं एक गोड नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. तान्ही असताना ती रडायला लागली की खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन थांबवून वर बघायचा आणि म्हणायचा, "वाजला भोंगा! चला, जेवून घेऊ." तेव्हापासून ती भोंगा. पुढे बोलायला लागल्यावर तर विचारूच नका. जिन्याच्या तळाशी उभं राहून "आईऽऽ, मी आलेऽऽ" अशी आरोळी ठोकल्याशिवाय तिचा पाय पहिल्या पायरीवर पडत नसे.

मग ती नव्या शाळेत जाऊ लागली. ती शाळा तिच्या सख्ख्या मावशीने बांधली होती.

मावशी आर्किटेक्ट होती. आर्किटेक्ट होण्याचं तिचं कारण थोडं वेगळं होतं. या दोघी बहिणी लहानाच्या मोठ्या झाल्या त्या पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्याच्या माडीवर. दिवसभर खाली ठोकाठोक, ठणठणाट. धाकटी, म्हणजे भोंग्याची आई, त्या गोंगाटातही ढाराढूर झोपायची. थोरली मात्र कानांत कापसाचे बोळे घालून अभ्यास करायची आणि म्हणायची, "मी मोठी झाले की अशी घरं बांधीन, की टाचणी पडली तरी ऐकू येईल."

तिने शब्द पाळला, पण जरा जास्तच पाळला. तिच्या शाळेत पडलेली टाचणीसुद्धा ऐकू येत नसे.

यात मावशीचा हेतू वाईट होता असं मुळीच नाही. त्या जागेवरची जुनी शाळा तिने आधी नीट पाहिली होती. दगडी फरशी, वर पत्रा, उघड्या भिंती. एका वर्गातले पाढे दुसऱ्या वर्गातल्या कवितेवर आदळायचे. बाईंचे घसे बसलेले, मुलांची डोकी दुखलेली, आणि शेवटच्या रांगेत तर काय शिकवतात ते पोचायचंच नाही. एक बाई दर दोन वाक्यांनंतर कोमट पाण्याचा घोट घेत होत्या.  इथे शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला बरं वाटेल अशी इमारत उभी करायची, असं मावशीने मनाशी धरलं.

आपल्या ऑफिसातल्या नव्या मुलांना ती समजावून सांगायची, "आवाज म्हणजे चेंडू समजा. कडक भिंतीवर टाकला की उसळून परत येतो. सगळ्यांनी एकदम चेंडू टाकले की काय होईल? सगळेच सगळ्यांना लागतील. तोच गोंगाट. आता भिंतीला जाड गादी लावा. चेंडू टाकला की तिथेच गपकन बसेल."

तर तिने भिंतींना जाड लोकरीच्या फळ्या लावल्या. वर्गांना, वऱ्हांड्याला, जिन्यालासुद्धा. धुवायला सोप्या पडाव्यात म्हणून त्या आकड्यांवर अडकवल्या होत्या. खालून उचललं की निघत. पायाखाली लाकडी जमीन, अनवाणी पावलांना उबदार लागेल अशी. खिडक्या मुलांच्या उंचीला. कुठे टोकदार कोपरा नाही. प्रत्येक वर्गाच्या भिंतीत एक गोल कोनाडा, आत मऊ गादी आणि बाहेर पडदा. रुसलेल्या, दमलेल्या मुलाने तिथे जाऊन बसावं. त्या कोनाड्याचं नाव तिने ठेवलं होतं 'कुशी'. आणि बाईंच्या घशाला त्रास नको म्हणून त्यांच्या गळ्याशी चिमुकला माईक आणि वर्गांच्या, वऱ्हांड्याच्या छतात लपवलेले स्पीकर. बाई कुजबुजल्या तरी त्यांचा आवाज प्रत्येक मुलाच्या डोक्यावर पिसासारखा उतरायचा.

म्हणजे बघा, वरून खाली यायला आवाजाला रस्ता होता. खालून वर जायला नव्हता. पण शाळा पाहायला येणाऱ्यांच्या ते लक्षात येण्यासारखं नव्हतं. ते दारात पाऊल ठेवायचे आणि आपोआप हळू बोलायला लागायचे. "केवढी शांतता!" म्हणायचे. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांना सांगायच्या, "वर्षभरात एक भांडण नाही. एक मूल मोठ्याने रडलेलं नाही." दूरदूरच्या शाळांकडून विचारणा यायला लागली. अगदी अशीच हवी, हुबेहूब.

मावशीला हे काम ज्यांनी शिकवलं, त्या गुरुजींचा एक नियम होता. इमारत वापरात येऊन वर्ष झालं की बांधणाऱ्याने तिथे परत जायचं आणि दिवसभर नुसतं बसायचं. हातात पट्टी नाही, नकाशा नाही. "जावयासारखं जाऊ नका," गुरुजी म्हणायचे, "सगळे उठून उभे राहतात. मांजरासारखं जा. कोपऱ्यात बसा, डोळे अर्धे मिटा. इमारत काय करते ते तेव्हा कळेल." मावशीने आपल्या प्रत्येक इमारतीत हे बसणं केलं होतं. या शाळेत मात्र राहून गेलं. कौतुकाच्या गडबडीत गेलं म्हणा, किंवा जिथे तक्रारच नाही तिथे बसून काय पाहायचं, असं वाटलं म्हणा. उलट बसण्याआधीच शाळेचा नवा भाग बांधूनही झाला होता.

अशात एका रविवारी धाकटीचा फोन आला.

"ताई, येऊन जा जरा."

"काय गं? आवाज असा का?"

"तू ये. फोनवर सांगण्यासारखं नाही."

मावशी गेली. जिना चढताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळलं नाही. दार उघडंच होतं. भोंगा जेवणाच्या टेबलाशी चित्र रंगवत बसली होती. मावशी दाराच्या आड होती, दिसतही नव्हती. तरी भोंग्याने रंगाचा खडू खाली ठेवला, वाकून डावा तळवा जमिनीला टेकवला, क्षणभर तशीच थांबली आणि मग दाराकडे बघून हसली. तोंडातून शब्द नाही.

"अगं, मावशीला हाक नाही का मारायची?" मावशी म्हणाली.

भोंग्याने बोटांनी टेबलावर टकटक केलं, दोनदा हळू, एकदा जोरात. आणि पुन्हा रंगवायला लागली.

धाकटीने बहिणीला स्वयंपाकघरात नेलं. नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. मग म्हणाली, "परवा दुपारी ही न्हाणीघरात अडकली. कडी बसली घट्ट. मी इथे, या ओट्याशी. मधे एक भिंत. मी भांडी घासतेय, गाणं म्हणतेय, आणि पोरगी आत. किती वेळ, देव जाणे. मला वाटलं खेळायला गेली. हात पुसायला गेले तेव्हा दार आतून बंद दिसलं. धक्के मारून उघडते तर ही खाली बसलेली. तळवा दाराला लावून. शांत."

"रडत नव्हती?"

"डोळ्यांतून पाणी चाललं होतं. तोंड उघडं होतं. पण आवाज नाही, ताई. आवाजच नाही! मी विचारलं, अगं, हाक का नाही मारलीस? तर काय म्हणाली माहितेय? म्हणाली, हाक मारून काय होतं?"



"कान दाखवलेस?"

"दाखवले. घसा दाखवला. सगळं ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, गुणी मुलगी आहे, नशीबवान आहात." धाकटीने नळ बंद केला आणि पहिल्यांदाच बहिणीकडे सरळ पाहिलं. "तुझ्या शब्दावर घातली तिला त्या शाळेत. मला माझा भोंगा परत दे. तुला लहानपणी शांतता मिळाली नाही, म्हणून तू सगळ्या जगाला गप्प बसवणार का?"

 खाली उतरताना मावशीला कळलं, मघाशी काय चुकलं होतं ते. "मावशी आलीऽऽ" ही वरून येणारी भोंग्याची आरोळी जिन्याने ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच ती जाऊन बसली. आधी बांधलेल्या जुन्या भागाच्या वऱ्हांड्यात, जिन्याजवळच्या बाकावर. मोठ्या बाई लगबगीने आल्या.

"कळवलं असतंत तर मुलांकडून स्वागतगीत..."

"म्हणूनच नाही कळवलं," मावशी हसून म्हणाली. "मी इथे नाहीच असं समजा."

मुलं आली. एकामागून एक, अनवाणी. पिशव्या ठेवल्या, वर्गात गेली. इतकं शहाण्यासारखं, की बघणाऱ्याला गलबलून यावं. मावशीने गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे डोळे अर्धे मिटले.

पहिल्यांदा तिला काहीच दिसलं नाही. मग एक गोष्ट दिसली, आणि एकदा दिसल्यावर ती सगळीकडे दिसायला लागली. मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती. बसलेल्या प्रत्येक मुलाचा एक तळवा जमिनीवर होता. कुणी उठलं, कुणी आलं, की आधी तळवे थबकत आणि मग माना वळत. एका मुलाने टाच आपटली, हळूच. तीन वर्ग पलीकडून कुणीतरी टाच आपटून उत्तर दिलं. आणि छतातून बाईंचा मंद, गोड आवाज उतरत होता, "छान, मुलांनो. खूप छान."

मधल्या सुट्टीत जिन्यावर एक मुलगा घसरला. गुडघा चांगला फुटला. तो पायरीवर बसला, तोंड उघडलं, छाती वरखाली व्हायला लागली, गालांवरून पाण्याच्या धारा. मावशी उठून धावणार एवढ्यात वळणाआडून दोन मुली आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी ते पडणं पायांनी ऐकलं होतं. एकीने त्याचं डोकं पोटाशी धरलं, दुसरीने रुमाल बांधला. शेजारच्याच खोलीत, उघड्या दाराच्या आत, शिक्षिका चहा पीत बसल्या होत्या. एकीनेही मान वळवली नाही. त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

मावशी परत बाकावर टेकली. कोवळी पोरं. वर्षभर त्यांनी हाका मारल्या असतील. पहिल्या दिवशी शंभर, मग पन्नास, मग दहा. प्रत्येक हाक त्या लोकरीत जाऊन बसली. परत काही आलं नाही. शेवटी पोरांनी दुसरी वाट शोधली, आणि ती लाकडातून गेली, कारण लाकूड तेवढं तिने उघडं ठेवलं होतं.

आणि मग तिला नवा भाग आठवला.

नवा भाग बांधायच्या वेळी मोठ्या बाईंनी एकच सुचवलं होतं, "सगळं उत्तम आहे हो. फक्त मुलं पाय आपटतात, तेवढं बंद करता आलं तर बघा. आणि ते पडदे गबाळे दिसतात, कुशीला छानशी दारं करा." मावशीने आनंदाने केलं होतं. जमिनीखाली जाड रबर घातलं होतं. वर्गांप्रमाणे वऱ्हांड्याच्या भिंतीतही कुशी केल्या होत्या आणि त्यांना लोकर लावलेली दारं, भिंतीत मिसळून जाणारी, आतून नुसतं ढकललं की उघडणारी. बोटं अडकू नयेत म्हणून आत मूठ ठेवली नव्हती.

"नव्या भागात वर्ग कधी जाणार?" तिने मोठ्या बाईंना विचारलं.

"आजच गेले की! दुपारच्या झोपेच्या गाद्यासुद्धा हलवल्या. तुमच्या भाचीचा वर्गही तिकडेच आहे. चला, दाखवते. इतकं शांत आहे, की जुना भाग बाजार वाटेल तुम्हाला."

काचेचं दार ओलांडून दोघी आत गेल्या आणि मावशीला वाटलं, आपल्या डोक्यावर कुणी उशी दाबतंय. स्वतःचं पाऊल ऐकू येईना. ऐकू येणं सोडा, पायालासुद्धा कळेना. मोठ्या बाईंचे ओठ हलत होते. शब्द जवळ आल्यावरच समजत होते. वर्गाच्या काचेतून मुलं दिसली. सगळी बसलेली होती, पण एकाही मुलाचा तळवा आता स्वस्थ नव्हता. जमिनीवर, भिंतीवर, बाकाच्या पायावर ते तळवे फिरत होते, अंधारात कुणी चाचपडावं तसे. जमीन काही सांगत नव्हती. भिंत काही सांगत नव्हती. मुलांचे डोळे मोठे झाले होते.

"बघा कशी एकाग्र झालीत," मोठ्या बाई म्हणाल्या.

तेवढ्यात भोंगा दिसली. ती शिक्षिकेची बाही ओढत होती. शिक्षिकेने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि छतातून आवाज आला, "जागेवर बस हं, राणी. शहाणी ना तू?" भोंगा बसली नाही. तिने काचेतून मावशीला पाहिलं, धावत बाहेर आली आणि मावशीचं मनगट घट्ट धरलं. हात बर्फासारखा गार.

मावशी गुडघ्यांवर बसली, तोंड तिच्या तोंडाशी नेलं. "काय झालं? बोल, भोंग्या. मी जवळ आहे. मला ऐकू येतंय."

भोंग्याचे ओठ हलले. कितीतरी वेळाने त्यातून वाफेसारखा शब्द निघाला. "मुंगी."

"कोण मुंगी?"

"माझी मुंगी. पाठीला पाठ लावून बसते ती. आता पाठ नाहीये."

शिक्षिका दारात आल्या होत्या. त्या हसल्या. "मुंगी म्हणजे ती सगळ्यांत लहान. आत्ता होती की. जुन्या भागात गेली असेल, सवयीने. हरवणार कुठे? सगळं कसं शांत आहे!"

"शांत आहे म्हणूनच म्हणते," मावशी म्हणाली, आणि आपल्याच आवाजातली भीती तिला कळली. "जुन्या भागात कुणीतरी जाऊन बघा. आत्ता. आणि इथली प्रत्येक कुशी उघडा."

शिक्षिका आणि मोठ्या बाई दोन दिशांना गेल्या. भोंगा वऱ्हांड्याच्या भिंतीला तळवा लावून चालायला लागली. चार पावलं, थांबली. पुन्हा चार पावलं. मग गाल लावला. मावशी मागोमाग. प्रत्येक थांब्यावर भोंगा वळून तिच्याकडे बघायची आणि मान हलवायची. नाही. इथेही नाही. मावशीने एक कुशी उघडली, रिकामी. दुसरी, रिकामी. पुढे लांबच लांब तीच लोकर, तोच मऊ राखाडी रंग, आणि त्यात दारं कुठे आहेत ते जिने रेखाटली तिलाही झटकन सापडेना. इतकी ती सुंदर लपली होती.

"मुंगेऽ!" मावशी ओरडली.

हाक तोंडातून निघाली आणि समोरच्या भिंतीत जाऊन मेली. मावशीला ते जवळजवळ दिसलं. मग ती जे सांगायची तेच तिला आठवलं: चेंडू गपकन बसतो.

आतून ढकलून उघडणारं दार. पण बाहेरून त्याला काही टेकवलं असेल तर? दुपारच्या झोपेच्या गाद्या आज या भागात आणल्या होत्या ना? कुठे रचल्या असतील? लोकरीच्या कुशीत वारा किती? एवढासा जीव आत किती वेळ काढेल?  मावशीने भिंतीवरची एक फळी खालून धरली आणि वर उचलली. आकडा सुटला. फळी तिच्या अंगावर आली. मागे नागडी, कडक, पांढरी भिंत निघाली.

तिने दुसरी काढली. तिसरी. भोंग्याने एक क्षण पाहिलं आणि तीही चौथ्या फळीला जाऊन भिडली. वर्गाच्या दारातून एक मूल डोकावलं, मग आणखी एक. कुणी काही सांगितलं नाही. मुलं आली आणि फळ्या उचलायला लागली. दोघं दोघं मिळून, मुंग्यांनी साखरेचा दाणा उचलावा तशी. पडलेल्या फळ्यांचा ढीग वाढत गेला आणि हळूहळू वऱ्हांड्यात काहीतरी जागं व्हायला लागलं. आधी कापडाची खसखस. मग कुणाचा तरी श्वास. मग एक शिंक, आणि ती शिंक भिंतीवर आपटून परत आली. मुलं दचकली. दोघांनी कान झाकले. कोण शिंकलं ते बघायला एकाने चक्क भिंतीमागे डोकावायचा प्रयत्न केला.

"भोंग्या," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज आता तिलाच परका वाटला, एवढा मोठा. "माझा आवाज मुंगीला ओळखीचा नाही. तू हाक मार."

भोंग्याने मान हलवली. नाही.

"मार, बाळा. आता पोचेल हाक. भिंत गिळणार नाही."

भोंग्याने तोंड उघडलं. काही आलं नाही. तिने मावशीकडे पाहिलं, आणि त्या डोळ्यांत जो प्रश्न होता तो मावशी जन्मभर विसरणार नव्हती: खरं ना? मावशीने तिचा तळवा हातात घेतला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. "मुंगीऽ," ती हळू म्हणाली. गळा थरथरला. भोंग्याला ते तळव्यातून कळलं. मग तिने तोच तळवा आपल्या गळ्यावर ठेवला.

"मुं..." गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज. "मुंगे." आणि मग, जणू आत अडकलेलं एखादं बूच उडालं, "मुंगेऽऽऽ! मुंगेऽऽ गंऽऽ!"

वऱ्हांडा दणाणला. हाक टोकापर्यंत गेली, आपटली, परत आली, पुन्हा गेली. जुना, जिन्याखालचा, शिंप्याला जेवायला उठवणारा भोंगा. पोरं जागच्या जागी थिजली. हाक विरली आणि सगळ्यांनी श्वास धरला.

काही नाही.

आणि मग, इतकं बारीक, की ते खरं आहे की मनाचा खेळ हे कळू नये, वऱ्हांड्याच्या टोकाकडून एक "ओ" आली.

टोकाच्या वळणाआड गाद्यांचा ढीग होता, छतापर्यंत रचलेला, नीटनेटका. मावशी आणि सगळी मुलं त्याच्यावर तुटून पडली. शेवटच्या गाद्या ओढल्या तसं मागचं दार आपोआप उघडलं आणि त्याला टेकलेली एक चिमुरडी मुलगी घामाने चिंब, पांढरीफटक, मावशीच्या मांडीवर कलंडली. मावशीने तिला खिडकीशी नेलं, खिडकी सताड उघडली, पाण्याचा हात तोंडावरून फिरवला. श्वास चालू होता. हळूहळू ओठांवर रंग आला.

"हाक का नाही मारलीस, सोन्या?" मावशीने विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"मारली ना," मुंगी म्हणाली. "खूप मारल्या. इकडे काही ऐकूच येत नव्हतं, म्हणून रडायला आत गेले. मग दार उघडेना. मग मारल्या. मग थांबले." तिने भोंग्याकडे पाहिलं. "तू ओ दिली नाहीस. मला वाटलं, तुम्ही सगळे गेलात."

भोंगा मुंगीच्या पाठीला पाठ लावून बसली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. आवाजासकट. भिंती ते रडणं झेलत होत्या आणि परत देत होत्या. बाकीच्या मुलांचेही ओठ थरथरायला लागले. एकाने घाबरत "आ" केलं, तो परत आला तसा पुन्हा केला, आणि त्याच्या तोंडावर हसू उमटू लागलं. मावशीला वाटलं, झालं, सुटलं. उद्यापासून एकेक फळी काढायची, एकेक रबर उखडायचं. हुबेहूब अशीच शाळा मागणाऱ्या सगळ्यांना आजच नाही म्हणून कळवायचं. धाकटीला सांगायचं, घे तुझा भोंगा.

तेवढ्यात छतातून आवाज आला. मोठ्या बाईंचा. जुन्या भागात शोधून परतताना त्यांच्या कानांवर तो गलका पडला असावा आणि त्यांनी गळ्याशीचा माईक सुरू केला असावा. आवाज नेहमीसारखाच मंद, गोड होता. पण आता उघड्या भिंतींवरून तो सगळ्या बाजूंनी येत होता, पुढून, मागून, वरून, दहापट मोठा होऊन.

"मुलांनो, घाबरू नका. काही झालेलं नाही. शांत बसा. छान. अगदी शांत."

"आ" करणाऱ्या मुलाचं तोंड मिटलं. एकेक करून मुलं खाली बसली. पडलेल्या फळ्यांच्या मधे जिथे जागा मिळाली तिथे, पाय दुमडून, पाठ ताठ. एकेक तळवा जमिनीवर टेकला गेला. मावशी "नका बसू, अरे, नका!" म्हणाली, पण तिचा आवाज एकटा होता आणि तो छतातून येत नव्हता. मुंगीसुद्धा मावशीपासून बाजूला सरकली आणि मांडी घालून बसली. वऱ्हांडा पुन्हा गप्प झाला.

उभी राहिली ती फक्त भोंगा. गालांवर पाणी, तळवा अजून गळ्यावर. तिने वर छताकडे पाहिलं, त्या बारीक भोकांकडे जिथून आवाज यायचा. मग तिने छाती भरून श्वास घेतला.